दैव किती आणि दोष कुणाचा

बेळगाव जिल्ह्यातल्या अथणी-रायबागच्या कोरडवाहू पट्ट्यात बोअर मारायचं ठरलं की गाडीच्या आधी पाणाड्याला बोलावणं जातं. तळहातावर आडवा नारळ घेऊन तो बांधाबांधानं फिरतो. नारळ उभा राहिला की त्या जागी दगड ठेवायचा, हळदकुंकू वाहायचं, पॉइंट पक्का. कुणाकडं नारळाऐवजी लिंबाची बेचकी काडी असते, कुणाकडं तांब्याची तार. पाणी लागलं तर पाणाड्याचं नाव आसपासच्या चार गावांत होतं. नाही लागलं तर उत्तर तयार असतं : "गाडीवाल्यानं हातभर बाजूला मारली की ओ, अण्णा." तेही पटलं नाही तर, "पाणी होतं, तुमच्या नशिबात नव्हतं."

हे शेवटचं वाक्य एकटा पाणाड्या बोलत नाही. पूर ओसरल्यावर पाहणीला आलेले पुढारी तेच बोलतात. पीकविम्याची रक्कम शेजारच्या पंचायतीला मिळाली आणि आपल्याला नाही, तेव्हा कट्ट्यावर तेच ऐकू येतं. तिसरी मुलगी झाली की सुनेलाही तेच ऐकवलं जातं. नशीब म्हणून काही नसतंच, असा माझा दावा नाही. ते आहे, आणि आपण समजतो त्याहून जास्त आहे. पण नशीब कुठवर चालतं आणि माणसाची करणी कुठून सुरू होते, याचा हिशेब बऱ्यापैकी मांडता येतो. त्या हिशेबाला शाळेत संभाव्यता म्हणतात, नाणी आणि फासे उडवून चार गुणांपुरती शिकवतात आणि विसरून जातात. सार्वजनिक कारभारात तो हिशेब कुणी मागत नाही, म्हणून नशिबाच्या नावावर इथं काहीही खपतं.

पाणाड्याचंच आधी बघू. या भागातला खडक बहुतेक काळा बेसाल्ट. त्यात पाणी साठतं ते भेगांत आणि थरांच्या सांध्यांत. समजा एखाद्या शिवारात कुठंही भोक पाडलं तरी दहातल्या सात ठिकाणी थोडंफार पाणी लागतं. मग त्या शिवारात नारळ फिरवणाऱ्याचे दहातले सात पॉइंट खरे ठरणार, आणि डोळे मिटून खडा फेकणाऱ्या पोराचेही सातच. पाणाड्याला खरोखर काही कळतं का, हे ठरवायचं तर त्याचे सात मोजून भागत नाही. त्या पोराचे सात शेजारी ठेवावे लागतात. ही तुलना कुठल्याच गावात कुणी करत नाही. जर्मनीत म्युनिकच्या शास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस केली. शेकडो जणांतून निवडलेल्या ४३ पाणाड्यांची ८४३ वेळा परीक्षा झाली. कोठाराच्या तळमजल्यावर पाण्याचा पाइप सरकवायचा आणि वरच्या मजल्यावरून तो कुठं आहे ते ओळखायचं. प्रयोग करणाऱ्यांना त्यात मोजक्या काही जणांचं कौशल्य दिसलं. पुढं त्याच आकड्यांची दुसऱ्या शास्त्रज्ञानं फेरतपासणी केली, तेव्हा ते अंदाजपंचे उत्तरांहून वेगळे निघाले नाहीत.

पाणाड्याला मी लबाड म्हणणार नाही. सोनं गहाण टाकून बोअर मारणाऱ्याला 'इथंच मार' असं ठामपणे सांगणारं कुणीतरी हवं असतं. भूगर्भतज्ज्ञ यंत्र लावून सांगतो, 'इथं शक्यता बरी आहे.' बरी म्हणजे किती, ते तो सांगत नाही, आणि शेतकऱ्याला तर 'शक्यता' या शब्दानंच धडकी भरते. पाणाड्या विकतो तो धीर. त्याची किंमत एका नारळाची असती तर मी तक्रार केली नसती. पण कोरड्या गेलेल्या बोअरची नोंद कुठंच राहत नाही. पाणी लागलेल्या बोअरचं नाव होतं, कोरडी दगडाखाली जाते. कधीकधी दगडही ठेवला जात नाही. २०१७ साली अथणी तालुक्यातच उघड्या बोअरमध्ये पडून एका लहान मुलीचा जीव गेला. ग्रामपंचायतीत बोअरची वही असावी, तारीख, खोली, पॉइंट कुणी दाखवला, पाणी किती इंच, कोरडी गेली असेल तर तेही, आणि ती बुजवली का. पाच वर्षांत त्या वहीतून गावाला जे कळेल ते दहा पाणाड्यांना मिळून सांगता येणार नाही.

लागलेले मोजायचे आणि हुकलेले विसरायचे, ही खोड जुनी आहे. सिसेरो या रोमन लेखकानं सांगितलेली एक गोष्ट दोन हजार वर्षांपूर्वीची. देवळात लावलेली, वादळातून वाचलेल्या खलाशांची चित्रं दाखवून कुणीतरी डायागोरस नावाच्या नास्तिकाला म्हणालं, बघ, नवस बोलणारे कसे वाचले. तो म्हणाला, बुडालेल्यांची चित्रं कुठं आहेत? आपल्याकडं सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर नवस फेडायला आलेल्यांची रांग दिसते. ज्यांचा नवस फळला नाही ते घरीच असतात. श्रद्धेशी माझं भांडण नाही. पण त्या रांगेवरून नवसाचा हिशेब निघत नाही. क्लासवाल्यांच्या फ्लेक्सवर झळकणाऱ्या फोटोंवरूनही निघत नाही, आणि तिथं तर फी मोजलेली असते.

गंमत म्हणजे संभाव्यतेचं गणित जन्मलं ते भविष्य सांगण्यासाठी नव्हे, वाटणीसाठी. १६५४ साली पास्काल आणि फर्मा या दोन फ्रेंच गणितींत पत्रव्यवहार झाला, त्यातला प्रश्न असा : दोन खेळाडू, दोघांनी ३२-३२ मोहरा लावलेल्या, जो आधी तीन डाव जिंकेल त्याला सगळ्या ६४. एकाचे दोन झालेत, दुसऱ्याचा एक, आणि खेळ मोडला. पैसे कसे वाटायचे? पुढच्याला सगळे दिले तर मागच्यावर अन्याय, निम्मे दिले तर पुढच्यावर. पास्कालचं उत्तर सरळ आहे. आणखी एक डाव झाला असता तर काय? पुढचा जिंकला तर ६४ घेणार, हरला तर बरोबरी होऊन ३२ घेणार. म्हणजे ३२ कसंही झालं तरी त्याचेच. उरलेले ३२ कुणाचे ते एका डावावर, म्हणून त्यांचे निम्मे. पुढच्याला ४८, मागच्याला १६. न झालेल्या गोष्टीचा हिशेब करून झालेला तंटा मिटवायचा! आपल्या पंचायतीत बसलेल्या कुठल्याही जुन्या पंचाला हे चटकन पटेल.

आपल्याकडं नल-दमयंतीच्या कथेत याच जातीची गोष्ट आहे, आणि ती मला पास्कालइतकीच आवडते. ऋतुपर्ण राजा रथातून जाताना बेहड्याच्या झाडाची पानं-फळं एका नजरेत सांगतो. नल हट्टानं रथ थांबवून मोजून बघतो आणि आकडा बरोबर निघतो. मग ऋतुपर्ण त्याला फाशांचं रहस्य शिकवतो. जुगारात राज्य घालवलेल्या माणसाला ते परत मिळतं मोजण्याच्या विद्येतून. जुने फासे म्हणजे बेहड्याचीच फळं, आणि तो बेहडा आपल्या खानापूरच्या रानात आजही उभा आहे.

निसर्गात मुळातच दैव आहे का? हा वाद विसाव्या शतकात पदार्थविज्ञानानं पुष्कळसा पुढं नेला. थायरॉइडच्या रुग्णाला किरणोत्सारी आयोडीन देतात. त्यातले निम्मे अणू आठ दिवसांत फुटतात, हे घड्याळ लावून सांगता येतं. पण नेमका कुठला अणू कधी फुटेल, हे डॉक्टरला कळत नाही आणि अणूच्या आतही तशी काही खूण सापडलेली नाही. आइनस्टाइनला हे पटेना. देव फासे खेळत नाही, असं तो १९२६ पासून म्हणत राहिला. १९६४ साली जॉन बेलनं या वादाची परीक्षा घ्यायची रीत काढली, प्रयोग होत गेले, आणि त्या कामासाठी २०२२चं नोबेल तिघांना मिळालं. कौल आइनस्टाइनला हवा तसा लागला नाही. दुसरीकडं हवामान. तिथं नियम ठरलेले आहेत, पण १९६३ साली एडवर्ड लॉरेन्झनं दाखवलं की सुरुवातीच्या मोजमापात केसाइतका फरक पडला तरी काही दिवसांनी चित्र भलतंच होतं. म्हणून उद्याचा पाऊस बऱ्यापैकी सांगता येतो आणि महिन्यानंतरच्या मंगळवारचा सांगता येत नाही.

पण चिक्कोडीच्या शेतकऱ्याला अणूच्या दैवाशी काही कर्तव्य नाही. त्याच्या वाट्याला येतं ते तिसऱ्याच जातीचं. कूर्नो नावाच्या फ्रेंच विचारवंतानं १८४३ मध्ये योगायोगाची व्याख्या केली : एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन कारणमालिका एका ठिकाणी भेटतात, तो योगायोग. छपराचं कौल पडतं ते वाऱ्यामुळं, माणूस खालून जातो तो बाजाराला निघालाय म्हणून. इथपर्यंत ठीक. पण घरमालकाला कौल सैल झाल्याचं गेल्या पावसाळ्यापासून माहीत असेल तर? खालून जाणाऱ्याला तो अजूनही योगायोगच. वरच्याच्या बाजूनं तो निर्णय आहे, काही न करण्याचा निर्णय. आपल्या भागातलं निम्मं दुर्दैव मला या जातीचं दिसतं.

पावसाळ्यात वेदगंगा-दूधगंगा-कृष्णा चढली की करदगा-भोज, जत्राट-भिवशी, कल्लोळ-यडूर हे बंधारे-पूल पाण्याखाली जातात. पेपरात दर वर्षी तीच बातमी, तीच नावं. बेळगाव शहराच्या कडेला बळ्ळारी नाल्याचं पाणी शहापूर-वडगावकडच्या भातशेतीत शिरतं, रोपं कुजतात, शेतकरी निवेदन देतात, पुढच्या जुलैत पुन्हा तेच. नाल्यात गाळ आहे, जलपर्णी आहे, अतिक्रमण आहे. जी गोष्ट जवळपास दर वर्षी होते तिची संभाव्यता एकाच्या जवळ, म्हणजे जवळपास खात्रीपर्यंत गेली. तिला नैसर्गिक आपत्ती म्हणणं ही निव्वळ आकडेमोडीची चूक आहे, आणि ती चूक कुणाच्या सोयीची आहे हे सांगायला नको.

२०१९चा ऑगस्ट वेगळा होता. कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा, मार्कंडेय सगळ्याच एकदम फुगल्या. गोकाक, रामदुर्ग, चिक्कोडी, रायबाग, अथणी, निपाणी कुणीच सुटलं नाही. तेव्हा 'शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर' हा शब्दप्रयोग तोंडोतोंडी झाला. बऱ्याच जणांनी त्याचा अर्थ घेतला : आता आपल्या हयातीत नाही, निवांत घर बांधा. २०२१च्या जुलैत नद्या पुन्हा पात्राबाहेर आल्या. शंभर वर्षांतून एकदा म्हणजे दर वर्षी शंभरात एक. नदीला गेल्या वर्षीची आठवण नसते. दर वर्षी एक टक्का धरला तर तीस वर्षांत तसा पूर एकदा तरी येण्याची शक्यता २६ टक्के होते. म्हणजे मुलाच्या नावानं नदीकाठी घर बांधलं, तर तो कर्ता होईपर्यंत त्यात पाणी शिरण्याची शक्यता चारात एक. आणि हा एक टक्काही जुन्या पावसाच्या नोंदींवरून काढलेला. पावसाची तऱ्हा बदलत असेल तर खरा आकडा त्याहून वाईट असू शकतो. असं कुठल्या बांधकाम परवान्यावर छापलेलं कुणी बघितलंय?

कृष्णेवरच्या, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणावरून दोन राज्यांचं भांडण चालतं, त्यातही हीच गल्लत आहे. सांगली-कोल्हापूरची मंडळी म्हणतात फुगवटा अलमट्टीचा, कर्नाटक म्हणतं पाणी वरून सोडलेलं. अभियंत्यांचा वाद अभियंत्यांनी मिटवावा. पण कोयना असो, हिडकल असो की अलमट्टी, पाऊस किती पडेल हे दैव असलं तरी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात धरणात किती जागा रिकामी ठेवायची, हा निर्णयच असतो. जागा ठेवली आणि पाऊस गेला तर उन्हाळ्यात उसाला पाणी नाही. भरून घेतलं आणि पाऊस आला तर खाली गावं बुडणार. ही पैजच आहे आणि ती टाळता येत नाही, हे मला मान्य आहे. मात्र ज्यांची घरं पणाला लागतात ते पैज लावणाऱ्यांत नसतात. निदान पैज कशावर लावली, किती टक्क्यांच्या भरवशावर लावली, हे त्यांना आधी कळलं पाहिजे.

जिथं दैव खरं आहे तिथं ते जपावंही लागतं, ही याच नाण्याची दुसरी बाजू. पीकविम्यात उत्पन्न ठरतं ते पीक कापणी प्रयोगावरून. पंचायतीतले सर्व्हे नंबर यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठी काढावी तशा आकड्यांनी निवडायचे, शेतात गेल्यावर कोपऱ्यापासून किती पावलं आत जायचं तेही तशाच आकड्यांनी. मग दोरी आणि खुंट्या, सहसा पाच बाय पाच मीटरचा चौकोन, तेवढंच कापायचं, मळायचं, तोलायचं. मोठ्या पिकाला एका ग्रामपंचायतीत किमान चार असे प्रयोग, आणि त्यांच्या सरासरीवर सगळ्या पंचायतीचं भवितव्य. तुलना करायची ती मागच्या सात वर्षांतल्या उत्तम पाच वर्षांच्या सरासरीतून काढलेल्या उंबरठा उत्पन्नाशी, म्हणजे ज्याच्या खाली गेलं तर भरपाई मिळते त्या आकड्याशी.

ही पद्धत घडवताना १९४०च्या दशकात मोठा वाद झाला. कलकत्त्याचे संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस कापणीसाठी छोट्या तुकड्यांवर भर देत. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे आणि त्यांचे सहकारी विनायक गोविंद पानसे यांनी दाखवलं की तुकडा फार लहान असला तर उत्पन्न फुगून येतं, कारण दोरीला टेकलेली रोपं माणूस नकळत आतच धरतो. काठावरचं रोप आत धरायचं की बाहेर, एवढ्याशा प्रश्नावर साऱ्या देशाच्या धान्याचा अंदाज चुकत होता! सीमाभागातल्या माणसाला काठाचं महत्त्व समजावून सांगायला नको.

आता हा यादृच्छिक आकडा गावात कुणालाच आवडत नाही. "त्या शेतात काय घेतासा, हिकडं बघा की, सगळं वाळून गेलंय," असं म्हणत चौकोन चार पावलं सरकवायचा मोह सगळ्यांनाच होतो. शेतकऱ्याला तो वाळलेल्याकडं न्यायचा असतो, कंपनीला हिरव्याकडं. पण चौकोन एकदा सरकला की तो ज्याचा जोर जास्त त्याच्याकडंच सरकत राहतो, आणि जोर शेतकऱ्याचा नसतो. आकडा कुणाचा पाहुणा नाही की कुणाच्या जातीचा नाही, हाच त्याचा गुण. भिशीच्या चिठ्ठीला बायका हरकत घेत नाहीत ती याचमुळं. दोन उमेदवारांना सारखी मतं पडली तर चिठ्ठी टाकून निकाल लावायचा, असं १९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातही आहे. कापणीच्या वेळी गावातली दोन माणसं हजर राहून आकडा आणि पावलं तपासतील, तर विम्याच्या निम्म्या तक्रारी जागेवरच मिटतील. उरतील त्या मात्र नेटानं भांडण्याजोग्या असतील.

मुलीच्या जन्माबद्दल थोडक्यात, कारण त्यात वादाला जागाच नाही. मुलगी की मुलगा ठरवणारं गुणसूत्र, एक्स की वाय, ते बापाकडून येतं. तीन मुलींनंतर चौथ्या वेळी 'आता तरी' मुलगा होण्याची शक्यता वाढत नाही, ती पुन्हा निम्म्याच्या आसपासच. इथं दैव शंभर टक्के आणि दोष शून्य. आणि नेमकं इथंच आपण दोष देतो.

राहिला सीमेचा प्रश्न. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, चंदगड तालुका तेवढा मागं राहिला. आज चंदगडच्या शेतकऱ्याला सातबारा मराठीत मिळतो, रेषेच्या अलीकडच्याला जमिनीचा उतारा कन्नडमधून. दोघांची भाषा एक, सोयरीक एक. आपण रेषेच्या कुठल्या बाजूला जन्मलो हा प्रत्येकाचा योगायोग. रेषा हा योगायोग नव्हता. ती माणसांनी आखली, महाजन आयोगानं १९६७ मध्ये तिच्यावर अहवाल दिला, २००४ पासून ती सर्वोच्च न्यायालयात आहे. पिढ्या गेल्या म्हणून निर्णयाचं नशीब होत नाही. आणि हेच आपल्यालाही लागू करावं लागेल : कन्नड घरात जन्मलेल्या पोरानंही ही रेषा आखलेली नाही. ज्याच्या हाती निर्णय नव्हता त्याच्यावर राग काढणं म्हणजे सासूनं सुनेला बोलण्यासारखंच.

यावर नेहमीचा आक्षेप येतो की खेड्यातल्या माणसाला टक्केवारी कळत नाही, त्याला हो की नाही तेवढं सांगा. हा आक्षेप घेणाऱ्यांनी कधी मटक्याच्या चिठ्ठ्या बघितलेल्या नाहीत. ओपनला, म्हणजे पहिल्या निकालाला, एक आकडा लावला तर लागण्याची शक्यता साधारण दहात एक, आणि मिळतात रुपयाला नऊच्या आसपास. मधला फरक कुणाच्या खिशात जातो हे लावणाऱ्यालाही ठाऊक असतं. कर्नाटकानं २००७ मध्ये लॉटरी बंद केली, महाराष्ट्राची १९६९ पासून चालू आहे; निपाणीहून कागलला जाणारा शक्यतेचा भाव बरोबर समजून जातो. त्याला आकडा कळतो. मिळत नाही, एवढंच.

तेव्हा कृष्णाकाठच्या गावाला पावसाळ्यात जो इशारा जातो त्यात नुसता केशरी-लाल रंग आणि 'सतर्क राहा' पुरेसं नाही. राजापूर बंधाऱ्यावरून आत्ता किती क्युसेक येतंय, कल्लोळच्या पुलावर पाणी यायची शक्यता उद्या सकाळपर्यंत दहात किती, गावठाणात शिरायची दहात किती, आणि हा अंदाज गेल्या पावसाळ्यात किती वेळा खरा ठरला, एवढं त्यात हवं. कन्नडमध्ये चार ओळी होतील, खाली मराठीत चार.